चार महिने पावसाळ्यात उभी राहिलेली जुनी बुलेट: किक मारण्याआधी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची १९८८ सालची कास्ट आयर्न बुलेट ३५०, मे अखेरीस कणकवलीजवळच्या गावी पडवीत ताडपत्री घालून उभी करून ठेवली. टाकीत निम्मं पेट्रोल तसंच होतं. आता पाऊस ओसरलाय आणि दसऱ्याला पूजा करून गाडी बाहेर काढायची आहे. किक जड लागते. चार-पाच मारून पाहिल्या, गाडी चालू झाली नाही, ॲमीटरचा, म्हणजे बॅटरीतून वीज जाते-येते ते दाखवणाऱ्या मीटरचा, काटाही हलत नाही. शेजारी म्हणतात, दुसऱ्या गिअरवर टाकून उतारावरून ढकला, होईल चालू. तसं करावं का?

नका करू. आणि आणखी एकही किक मारू नका.

सिंधुदुर्गातल्या गाड्या मी वर्षानुवर्षं उघडतो आहे. दसऱ्याच्या आसपास माझ्याकडे येणाऱ्या जुन्या बुलेटी बहुतेक पावसाने बिघडलेल्या नसतात. चार महिने उभी राहून गाडी फार तर गंजते, चिकटते, कोरडी पडते आणि हे सगळं साफ करता येतं. खरं नुकसान होतं ते पहिल्या दहा मिनिटांत, कोरड्या इंजिनाला जबरदस्तीने फिरवल्यामुळे. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी इंजिन मोकळं फिरतंय का ते पाहायचं, मग तेल, मग ठिणगी, आणि पेट्रोल सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. पंपावरून ताजं पेट्रोल आणून ओततात आणि किकवर उभे राहतात.

ढकलून चालू करण्यात धोका कुठे आहे ते सांगतो. या इंजिनाचं सिलिंडर बीडाचं, म्हणजे कास्ट आयर्नचं. गाडी उभी करताना पिस्टन जिथे थांबला तिथे एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल, तर आपली कोकणातली दमट हवा सायलेन्सरमधून किंवा कार्बोरेटरमधून थेट आत जाते. पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या वर सिलिंडरच्या भिंतीवर तांबूस थर धरतो आणि रिंगा चिकटतात. अशा अवस्थेत गाडीचं आणि माणसाचं मिळून दोन-अडीचशे किलो वजन त्या चिकटलेल्या पिस्टनवर टाकलं, तर रिंग तुटते किंवा सिलिंडरला ओरखडे पडतात. किकवर उड्या मारल्या तर गिअरबॉक्समधले किकचे दाते जातात. दोन्ही कामं खर्चाची, आणि दोन्ही टाळता येण्यासारखी.

म्हणून सुरुवात अशी करा. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, चावी बंद ठेवा, प्लग काढा. प्लगच्या भोकातून दोन-तीन चमचे साधं इंजिन ऑइल आत सोडा, भोकाला स्वच्छ फडकं लावा आणि रात्रभर राहू द्या. खूपच जड लागत असेल तर ऑइलमध्ये थोडं डिझेल मिसळा, ते रिंगांच्या फटीत लवकर उतरतं. दुसऱ्या दिवशी चौथा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे करा. चाकाला थोडा झोल असतो, तो संपला की इंजिनाचा भार हाताला कळतो. एक बोटभर जरी फिरलं तरी काम झालं. तिथेच पुढे-मागे करत राहा, जागा वाढत जाते. अजिबात हललं नाही तर पुन्हा ऑइल आणि पुन्हा एक दिवस. तीन-चार दिवसांतही हललं नाही तर हेड आणि सिलिंडर उतरवायचं. पाइप लावून जोर काढायचा नाही.

तुमची किक जड लागते, पण जाते, असं वर्णनावरून वाटतं. तसं असेल तर दुसरा संशय क्लचवर. बुलेटची किक क्लचमधूनच इंजिनापर्यंत जाते. प्लग बाहेर असतानाच क्लच पूर्ण दाबून धरा आणि किक हाताने खाली न्या. क्लच सुटत असेल तर किक हलकी जाईल आणि इंजिन फिरणार नाही. क्लच दाबूनही इंजिन फिरत असेल तर प्लेटा एकमेकींना चिकटल्या आहेत. तसंच क्लच दाबून वीसेक वेळा किक खाली न्या, बहुतेक वेळा एका हलक्या आवाजासरशी प्लेटा सुटतात. हे न करता गाडी चालू केली आणि पहिला गिअर टाकला, तर क्लच दाबलेला असूनही गाडी झेप घेते. पडवीत, समोर पायऱ्या आणि पोरंटोरं असताना, हे होऊ द्यायचं नाही.

आता तेल. या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे, कारण इथे चांगले जाणकारही फसतात. जुन्या बुलेटमध्ये ऑइलची टाकी इंजिनाच्या केसमध्येच मागच्या बाजूला असते आणि फ्लायव्हीलचा, म्हणजे आत फिरणाऱ्या जड चाकांचा, खण वेगळा असतो. चालू गाडीत एक पंप टाकीतलं ऑइल बिगएन्डला, म्हणजे पिस्टनचा दांडा खाली जिथे जोडलेला असतो त्या सांध्याला, पोहोचवतो, दुसरा खाली साचलेलं ऑइल उचलून वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरकडे आणि परत टाकीत आणतो. गाडी उभी असली की टाकीतलं ऑइल पंपाच्या फटीतून हळूहळू फ्लायव्हीलच्या खणात झिरपतं. चार महिन्यांत बरंचसं उतरतं. मग माणूस डिपस्टिक काढतो, ती कोरडी दिसते आणि तो वरून लिटरभर ऑइल ओततो. गाडी चालू झाली की खालचं सगळं ऑइल उचललं जातं आणि टाकी तुडुंब भरते. जादा ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या पाइपातून), पॅकिंगमधून, सीलमधून, जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. त्यात निळा धूर. मग कोणीतरी सांगतं की रिंग गेल्या, इंजिन उतरवा. रिंगांना काही झालेलं नसतं.

तेव्हा डिपस्टिकवर विसंबू नका. जुनं ऑइल पूर्ण काढा. इंजिनाखाली एकापेक्षा जास्त बोल्ट आहेत: एक टाकीचा, एक फ्लायव्हीलच्या खणाचा. दोन्ही उघडा आणि रुंद पत्र्याच्या डब्यात ऑइल घ्या. ते दुधाळ, पातळ ताकासारखं दिसलं तर पाणी शिरलं आहे किंवा वाफ धरली आहे. अशा वेळी एकदा स्वस्त ऑइल भरून गाडी थोडा वेळ चालवायची, ते काढून टाकायचं आणि मग चांगलं भरायचं. काळं पण चिकट असेल तर चिंता नाही. ऑइलचा फिल्टर बदला. तो महाग नाही आणि उघडायला अवघड नाही. मात्र नवा फिल्टर बसवताना त्याची पोकळी आधी ऑइलने भरून घ्या. ती रिकामी राहिली तर ती भरेपर्यंत बिगएन्ड कोरडा फिरतो. कंपनीच्या मूळ बांधणीत या इंजिनाच्या बिगएन्डला फ्लोटिंग बुश, म्हणजे मोकळी फिरणारी धातूची कडी आहे, आणि बुश तेलाच्या पापुद्र्यावरच जगतो. कोरडा फिरला की त्याचं आयुष्य संपलं. २०डब्ल्यू५० दर्जाचं साधं खनिज ऑइल घाला. भारी सिंथेटिकची या इंजिनाला गरज नाही, जुन्या पॅकिंगमधून ते जास्त झिरपतं असा माझा अनुभव आहे.

ऑइल भरल्यावर प्लग अजून बाहेरच, चावी बंद. आता किक मारायला हरकत नाही. दाब नसल्यामुळे किक हलकी जाते आणि पंप ऑइल फिरवायला लागतो. या पंपांची गती इंजिनाच्या मानाने खूप कमी असते, म्हणून पाच-दहा किकांनी काही होत नाही. दमाने मारत राहा, मध्ये थांबा, दुसऱ्याला मारू द्या. हेडवर रॉकरकडे ऑइल नेणारी बारीक नळी आहे, तिचा वरचा बोल्ट दोन आटे सैल करून ठेवा. तिथे ऑइल ओघळलेलं दिसलं की वरपर्यंत फिरलं असं समजा आणि बोल्ट आवळा. हे दिसेपर्यंत प्लग लावायचा नाही. या एका गोष्टीत मी गिऱ्हाइकाची घाई ऐकत नाही.

त्याच बैठकीत टॅपेटचं झाकण उघडून पुशरॉड, म्हणजे खालून रॉकर ढकलणारे दोन दांडे, तपासून घ्या. इंजिन थंड हवं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी सगळ्यात वर हवा. दोन्ही रॉड बोटांनी गोल फिरले पाहिजेत आणि वर-खाली खेळता कामा नयेत. एखादा रॉड घट्ट असेल तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, आणि मग दिवसभर किक मारली तरी दाब बनणार नाही.

ॲमीटरचा काटा हलत नाही, याचं उत्तर बहुतेक बॅटरीत आहे. चार महिने जोडून ठेवलेली बॅटरी उतरतेच. मीटर लावून पाहा: १२ व्होल्टची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२च्या खाली असेल तर रिकामी. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहा, विहिरीचं किंवा नळाचं पाणी घालू नका. चार्जिंग हळू करा. जितके ॲम्पिअर-अवर तिच्यावर लिहिले असतील त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा करंट, म्हणजे १४ची असेल तर सुमारे १.४ ॲम्पिअर. ट्रकच्या चार्जरवर तासाभरात भरून देणाऱ्यांकडे नेऊ नका, प्लेटा वाकतात. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पुसून कोरडं करा, जोडल्यावर वरून ग्रीस लावा. अर्थची वायर फ्रेमला जिथे लागते ती जागा कानशीने घासून चकचकीत करा. आपल्याकडे अर्ध्या तक्रारी त्या एका बोल्टाखालच्या गंजाने होतात.

बॅटरी ठीक असूनही काटा हलत नसेल तर पॉइंटचं झाकण उघडा. पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारी-तोडणारी दोन टोकं. दमट हवेत पॉइंटच्या तोंडावर राखाडी थर येतो आणि वीज जात नाही. बारीक पॉलिश पेपरने एक-दोन हात फिरवा, मग जाड कागदाची पट्टी पेट्रोलमध्ये भिजवून मधून ओढा, म्हणजे पेपरची कच निघून जाते. गॅप पूर्ण उघडलेल्या अवस्थेत ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फीलर गेजनेच. ब्लेड लावून अंदाजाने गॅप ठेवणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या गाड्या चालतातही, पण जुन्या बुलेटची किक एका दमात लागणं या गॅपवरच अवलंबून आहे. प्लगचा गॅप ०.५ ते ०.६. प्लग नवाच घ्या. प्लगच्या वायरचं टोक हिरवं पडलं असेल तर पाऊण सेंटिमीटर कापून टोपी पुन्हा फिरवून बसवा.

पॉइंटखालचा ॲडव्हान्स मात्र विसरू नका. तिथे दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. इंजिनाचा वेग वाढला की ती ठिणगी लवकर पाडतात, वेग उतरला की मागे येतात. पावसाळ्यात त्या पिना गंजून वजनं उघड्या अवस्थेतच अडकतात. मग किकच्या मंद गतीलाही ठिणगी वेळेआधी पडते आणि इंजिन उलटं फिरतं. बुलेटची उलटी किक म्हणजे घोटा मोडणं किंवा गुडघ्याचा स्नायू फाटणं, आणि असे लोक मी पाहिले आहेत. पॉइंटचा कॅम बोटाने वळवा आणि सोडा. तो आपणहून परत आला पाहिजे. आळसाने येत असेल तर पिना साफ करून प्रत्येकीवर ऑइलचा एकच थेंब. जास्त ऑइल पॉइंटवर उडतं.

एवढं झाल्यावर चावी लावा. पॉइंट मिटलेले असताना काटा वजाच्या बाजूला झुकला पाहिजे, किक हळूच दाबत नेली की पॉइंट उघडतात तेव्हा काटा मध्यावर आला पाहिजे. कायम झुकलेलाच राहत असेल तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठे तरी शॉर्ट आहे. काटा झुकलेला असताना चावी चालू सोडून चहाला जाऊ नका, कॉइल तापून जळते.

आता पेट्रोल. टाकीतलं निम्मं पेट्रोल सगळं काढा, एक थेंबही ठेवू नका. २०२३च्या फेब्रुवारीत देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला सुरुवात झाली आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. उसाच्या किंवा मक्याच्या इथेनॉलमध्ये वाईट काही नाही, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. अर्धी रिकामी टाकी म्हणजे अर्धी टाकी दमट हवा. पाणी पुरेसं शोषलं की इथेनॉल त्या पाण्यासकट पेट्रोलपासून सुटतं आणि तळाशी बसतं, आणि टाकीखालच्या पेट्रोल कॉकची नळी नेमकं तेच कार्बोरेटरकडे पाठवते. १९८८ची गाडी या पेट्रोलसाठी बनलेली नाही. तिची रबरी नळी, कॉकमधलं कॉर्क, फ्लोटच्या सुईचं रबर फुगतं किंवा कडक होतं. नळी आणि कॉकचे वॉशर नवे घाला. काढलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत तासभर ठेवून पाहा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीच्या आत टॉर्च मारून गंजही बघावा लागेल. हलका गंज असेल तर व्हिनेगर भरून एक-दोन दिवस ठेवायचं, मूठभर लहान नट टाकून हलवायचं, मग सोड्याच्या पाण्याने खळखळून धुवायचं, लगेच उन्हात पूर्ण वाळवायचं आणि त्याच दिवशी पेट्रोल भरायचं. रात्रभर उघडी ओली ठेवली तर सकाळी पुन्हा तांबडी झालेली असते.

हे सगळं दसऱ्याच्या दिवशी करू नका. टाकी उघडी, जमिनीवर पेट्रोल, आणि शेजारी निरंजन आणि अगरबत्ती, हे एकत्र येता कामा नये. जुनं पेट्रोल मळ्यात किंवा परसात ओतू नका, विहिरीत उतरतं. गॅरेजवाल्याला द्या, पार्ट धुवायला त्याला लागतं.

कार्बोरेटर उतरवा. पायलट जेट, म्हणजे मंद गतीला पेट्रोल देणारा जेट, सगळ्यात आधी तुंबतो, कारण त्याचं भोक सगळ्यात बारीक. चोकवर गाडी चालू होते आणि चोक काढला की मरते, हे त्याचंच लक्षण. तारेने कोरू नका. भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिते. क्लीनरचा स्प्रे मारा आणि हवा द्या, उजेडाकडे धरून पलीकडचं दिसतंय का पाहा. ॲक्सिलरेटरच्या केबलने वर-खाली होणारी स्लाइड अडकली असेल तर केबल ओढून सोडवू नका, वरून स्प्रे मारून वाट बघा.

आपल्या भागातली एक गोष्ट बाहेरच्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. कुंभारीण माशी. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या प्रत्येक छोट्या भोकात ती मातीचं घर बांधते: कार्बोरेटरची ओव्हरफ्लोची नळी, टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र, ब्रीदरचा पाइप. टाकीचं छिद्र बुजलं की गाडी दोन-चार किलोमीटर जाऊन बंद पडते, झाकण उघडलं की पुन्हा चालू होते, आणि माणूस दिवसभर कार्बोरेटर खोलत बसतो. ब्रीदर बुजला की केसमधला दाब ऑइल सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. ब्रीदरच्या टोकाचं बदकाच्या चोचीसारखं रबर दमट हवेत आपोआपही चिकटतं, ते चिमटीत धरून मोकळं करा. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने काथ्या आणि चिंध्या भरल्या आहेत का पाहा, आणि त्याने वायरी कुरतडल्या असतील तर चावी लावण्याआधी टेप मारा.

ब्रेक, टायर आणि चेनबद्दल थोडक्यात. दोन्ही चाकं उचलून फिरवा, ब्रेकशू ड्रमला चिकटलेले असतील तर चाक काढून शू घासा आणि ब्रेकच्या कॅमला ग्रीस लावा. टायरच्या बाजूला भेगा असतील तर खोली न मोजता टायर बदला. केबलींमध्ये ऑइल सोडा. विमा आणि पीयूसीच्या तारखा बघा, आणि आरसीच्याही, कारण १५ वर्षांनंतर नोंदणी दर ५ वर्षांनी वाढवावी लागते.

मग चालू करा. गाडी पडवीतून बाहेर अंगणात घ्या, बंदिस्त जागेत धूर साचू देऊ नका. एक-दोन लिटर ताजं पेट्रोल, चोक लावा, चावी लावा. डीकंप्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा छोटा दांडा) दाबून धरा आणि किक हळू नेत काटा मध्यावर आणा, डीकंप्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग पूर्ण लांबीची एकच किक. अर्धवट धक्के नाहीत. चालू झाल्यावर सुरुवातीला धूर येईल, सिलिंडरमध्ये टाकलेलं ऑइल जळतंय, तो दहा मिनिटांत विरळ झाला पाहिजे. ॲक्सिलरेटर पिळू नका, सावकाश चार-पाच मिनिटं चालू ठेवा. खालून ठक-ठक असा जड आवाज आला तर त्याच क्षणी बंद करा आणि मला किंवा जवळच्या मिस्त्रीला दाखवा. टॅपेटची टकटक वेगळी, ती वरून येते आणि बारीक असते. पहिली फेरी गावातल्या गावात, परत आल्यावर गार होऊ द्या, नटबोल्ट आवळा, ऑइलची पातळी आता पाहा. आता ती खरी असेल.

येत्या मे महिन्यात ठेवताना ऑइल ठेवण्यापूर्वी बदला. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसून राहतं. टाकी रिकामी करा, आत थोडं टूटी (टू-स्ट्रोक) ऑइल फिरवा, कार्बोरेटर रिकामा करा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वर आणून ठेवा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात. बॅटरी काढून घरात फळीवर ठेवा. दर आठवड्याला दोन मिनिटं चालू करून ठेवायचा सल्ला बरेच जण देतात, तो मानू नका. तेवढ्यात इंजिन तापत नाही, आत वाफ धरते आणि ती ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन राहते. ताडपत्रीऐवजी जुनी सुती चादर घाला, चाकांखाली फळ्या द्या, आणि सायलेन्सरच्या तोंडात ऑइलमध्ये भिजवलेला फडक्याचा बोळा घालून त्याची चिंधी बाहेर लोंबती ठेवा, म्हणजे काढायची राहणार नाही.